सांधेदुखीवरच्या फ्लॅव्होनॉइड कॅप्सूल: बेळगावच्या औषध दुकानातून एक परीक्षण

गेल्या काही वर्षांत बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यातल्या औषध दुकानांत एक नवी फळी तयार झाली आहे. जिथे पूर्वी च्यवनप्राश, प्रोटीन पावडर आणि कॅल्शियमच्या गोळ्या मांडलेल्या असत, तिथे आता क्वेर्सेटिन, सिट्रस बायोफ्लॅव्होनॉइड, ग्रीन टी अर्क, द्राक्षबियांचा अर्क अशा नावांच्या डब्या दिसतात आणि जवळजवळ प्रत्येक डबीवर सांधे, सूज आणि अँटिऑक्सिडंट हे शब्द कुठे ना कुठे छापलेले असतात. कोविडच्या साथीत जस्ताच्या गोळीच्या जोडीने क्वेर्सेटिनचे नाव घरोघरी पोहोचले. साथ ओसरली, पण नाव मागे राहिले आणि आता ते गुडघेदुखीला चिकटले आहे. मी बेळगावात औषधांचे दुकान चालवते, या डब्या स्वतः मागवते आणि विकते, त्यामुळे त्यांच्याविषयी स्पष्टपणे लिहिणे ही माझीही जबाबदारी आहे असे मला वाटते.

दुकानात येणारा प्रश्न साधा असतो. वडगावात यंत्रमागावर दिवसभर उभ्या राहणाऱ्या एक मावशी विचारतात, "ताई, ह्या गोळीनं गुडघं दुखायचं राहील काय वो?" निपाणीकडे तंबाखूच्या वखारीत आयुष्य घालवलेल्या बायकांची मनगटे आणि मान, उसाच्या फडात राबलेल्यांची कंबर, खानापूरकडे भातलावणीत वाकून वाकून धरलेली पाठ, आणि २००६ च्या चिकुनगुनियाच्या मोठ्या साथीपासून अधूनमधून कुरकुरणारे सांधे, या सगळ्यांचा प्रश्न हाच असतो. या माणसांच्या हाती रोजची पेनकिलर आहे, तिने पोटात आग पडते, डॉक्टरांनी किडनीला जपा म्हणून बजावलेले असते, आणि म्हणून झाडपाल्याची, काही त्रास न करणारी गोळी त्यांना हवी असते. ही गरज खरी आहे. मात्र फ्लॅव्होनॉइड या एका शब्दाखाली फार वेगवेगळ्या लायकीच्या वस्तू विकल्या जातात. त्यांतल्या एकदोन नेमक्या कामाला उपयोगी आहेत, बाकीच्यांवर गुडघ्यासाठी पैसा घालावा इतका पुरावा नाही, आणि काही तर डॉक्टरांना न सांगता घेणे धोक्याचे आहे.

फ्लॅव्होनॉइड हे वनस्पतींत आढळणाऱ्या संयुगांचे मोठे कूळ आहे. कांद्यातले क्वेर्सेटिन, संत्र्याच्या सालीतले हेस्पेरिडिन, चहातली कॅटेचिने, जांभळाला रंग देणारी अँथोसायनिने आणि सोयाबीनमधली आयसोफ्लॅव्होन ही सगळी त्याच कुळातली. १९३६ साली हंगेरीत आल्बर्ट सेंट-ज्यॉर्जी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लिंबू आणि पापरिका मिरची यांच्या अर्कातून रक्तवाहिन्यांची गळती कमी करणारा पदार्थ मिळाल्याचे मांडले आणि त्याला 'व्हिटॅमिन पी' असे नाव दिले. पुढच्याच वर्षी सेंट-ज्यॉर्जी यांना नोबेल मिळाले, त्यात क जीवनसत्त्वावरचे त्यांचे काम मोठे होते. फ्लॅव्होनॉइड हे जीवनसत्त्व नव्हे हे नंतर स्पष्ट झाले आणि १९५० च्या सुमारास ते नाव मागे पडले. तरीही पहिले निरीक्षण रक्तवाहिन्यांविषयी होते ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे, कारण आज दुकानात मिळणाऱ्या फ्लॅव्होनॉइडांपैकी ज्याची बाजू सर्वांत भक्कम आहे ते रक्तवाहिन्यांवरच काम करते. त्याच्याकडे मी पुढे येणार आहे.

माझ्याकडे सर्वांत जास्त विचारली जाणारी डबी क्वेर्सेटिनची, ५०० मिलिग्रॅमची, आणि बहुतेकदा अननसातल्या ब्रोमेलेन या पाचकद्रव्यासोबतची. कॅप्सूल उघडून पाहिली तर आत हळदीपेक्षा फिकट, किंचित हिरवट झाक असलेली पिवळी भुकटी असते. ती ग्लासभर पाण्यात टाकली की वर तरंगते, काचेच्या कडेला चिकटते आणि कितीही ढवळली तरी विरघळत नाही. पाणी थोडा वेळ गढूळ दिसते आणि मग भुकटी हळूहळू तळाशी बसते. त्यात चिमूटभर खाण्याचा सोडा घातला तर पाण्याचा रंग गडद पिवळा होऊ लागतो, कारण क्वेर्सेटिन अल्कलीत थोडेफार विरघळते. पाण्यात न विरघळणाऱ्या पदार्थाला आतड्यातून रक्तात जाणे अवघड असते, आणि या साऱ्या प्रकरणाची मेख तिथेच आहे.

नेदरलँड्समधल्या संशोधकांनी १९९५ साली प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासात, ज्यांचे मोठे आतडे शस्त्रक्रियेने काढलेले होते अशा स्वयंसेवकांना क्वेर्सेटिन तीन प्रकारे दिले गेले. तळलेल्या कांद्यातून दिलेल्या क्वेर्सेटिनपैकी ५२ टक्के शोषले गेले, शुद्ध क्वेर्सेटिनपैकी २४ टक्के आणि रुटिनच्या, म्हणजे वेगळी साखर जोडलेल्या क्वेर्सेटिनच्या, रूपातल्यापैकी १७ टक्के. कांद्यात क्वेर्सेटिन ग्लुकोज या साखरेच्या रेणूला जोडलेले असते आणि तो जोड आतड्याला सोयीचा पडतो. शोषल्यावरही गोष्ट संपत नाही, कारण आतड्याची भिंत आणि यकृत मिळून त्याचे रूप लगेच बदलतात आणि रक्तात मूळ क्वेर्सेटिन जवळजवळ शिल्लकच राहत नाही. काचेच्या बशीतल्या पेशींवर क्वेर्सेटिन ओतले की सूज वाढवणारी विकरे (एन्झाइम) दबतात हे खरे आहे, पण त्या प्रयोगांतली मात्रा आणि माणसाच्या रक्तात प्रत्यक्ष पोहोचणारी मात्रा यांत बरेचदा दहापट, कधी त्याहूनही जास्त अंतर असते. जाहिरातीत बशीतला निकाल छापला जातो आणि रक्तातला गाळला जातो.

आणखी एक हिशेब ग्राहकाला सांगावा लागतो. शंभर ग्रॅम कांद्यात साधारण २० ते ४० मिलिग्रॅम क्वेर्सेटिन असते, म्हणजे ५०० मिलिग्रॅमची एक कॅप्सूल सव्वा ते अडीच किलो कांद्याच्या बरोबरीची झाली. डबीवर कांद्याचे चित्र असले तरी बाजारातले बहुतेक क्वेर्सेटिन सोफोरा जॅपोनिका या पूर्व आशियातल्या झाडाच्या फुलकळ्यांपासून काढतात. त्यात वाईट काही नाही, रेणू तोच आहे; पण एवढी मात्रा अन्नाची राहत नाही, ती औषधाची होते, आणि तिच्याकडे औषध म्हणूनच पाहायला हवे.

मग माणसांवरचा पुरावा काय सांगतो? सर्वांत आशादायक म्हणावा असा एक प्रयोग २०१७ साली इराणमधून प्रसिद्ध झाला. आमवाताच्या, म्हणजे ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिसच्या ५० स्त्रियांपैकी काहींना आठ आठवडे रोज ५०० मिलिग्रॅम क्वेर्सेटिन आणि काहींना तशीच दिसणारी पण औषध नसलेली गोळी (प्लासिबो) दिली गेली. क्वेर्सेटिन घेणाऱ्यांचा सकाळचा आखडलेपणा आणि दुखणे कमी झाले, सूज दाखवणारा रक्तातला एक घटकही उतरला. प्रयोग नीट आखलेला होता आणि मी तो मनापासून आदराने वाचला. परंतु पन्नास स्त्रिया आणि दोन महिने एवढ्यावर आयुष्यभराच्या आजाराचा निर्णय होत नाही, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे आमवात वेगळा आणि वयोमानाने झिजलेला गुडघा वेगळा. पहिल्यात शरीराची रोगप्रतिकारशक्तीच सांध्यावर उलटते, दुसऱ्यात कूर्चा झिजते. माझ्याकडे येणाऱ्या दहांपैकी बहुतेकांचे दुखणे दुसऱ्या प्रकारचे असते, आणि त्यासाठी क्वेर्सेटिनची शिफारस करावी एवढा आधार मला सापडत नाही.

घरचा अनुभवही सांगते, त्याला पुरावा न समजता. माझ्या सासूबाईंचे दोन्ही गुडघे झिजलेले आहेत. त्यांच्या डॉक्टरांना विचारून, इतर गोळ्यांची यादी त्यांना दाखवून आम्ही क्वेर्सेटिन-ब्रोमेलेनची चांगल्या प्रतीची डबी सुरू केली. उपाशीपोटी घेतल्यावर त्यांना मळमळू लागले, जेवणानंतर घेतल्यावर ते थांबले. डबी संपून दुसरी आणेपर्यंत माडीचा जिना चढतानाचे दुखणे होते तसेच राहिले, संध्याकाळची सूजही तशीच. ज्याने फरक पडला तो मांडीच्या स्नायूंचा व्यायाम, फिजिओथेरपिस्टने शिकवलेला आणि सासूबाईंनी चिकाटीने धरून ठेवलेला. 'अमेरिकन कॉलेज ऑफ ऱ्हुमॅटॉलॉजी' या सांधेरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१९ साली दिलेल्या मार्गदर्शक सूचनांतही गुडघ्याच्या झिजेसाठी व्यायाम, वजन जास्त असल्यास ते उतरवणे आणि गुडघ्यावर वरून लावायचे वेदनाशामक यांची ठामपणे शिफारस आहे. वरून लावायच्या मलमाची ट्यूब क्वेर्सेटिनच्या डबीपेक्षा पुष्कळ स्वस्त पडते, आणि पोटात घेतलेल्या गोळीपेक्षा तिचा फार कमी अंश रक्तात जातो. गुडघ्यासाठी महिन्याला हजार रुपयांच्या आसपास कॅप्सूलवर घालवणाऱ्या ग्राहकाला मी आधी हे सांगते.

आता ज्यांची बाजू भक्कम आहे त्यांच्याकडे वळते. डायोस्मिन आणि हेस्पेरिडिन यांची जोडगोळी आपल्याकडे बरीच वर्षे डॉक्टरांच्या चिठ्ठीवर येते. ५०० मिलिग्रॅमच्या गोळीत ४५० मिलिग्रॅम डायोस्मिन आणि ५० मिलिग्रॅम हेस्पेरिडिन असते. हेस्पेरिडिन संत्र्यावर्गाच्या सालीतून काढतात आणि त्यापासून पुढे डायोस्मिन तयार करतात. चांगल्या गोळीतले कण दळून दोन मायक्रॉनहूनही बारीक केलेले असतात, कारण जाडसर कण नीट शोषले जात नाहीत. म्हणून वेष्टनावर 'मायक्रोनाइज्ड' हा शब्द आहे की नाही ते अवश्य पाहावे. ही गोळी पायांच्या शिरांच्या जुनाट आजारात, म्हणजे दिवसभर उभे राहून पाय जड होणे, घोट्याभोवती सूज येणे, शिरा फुगणे यांत आणि मूळव्याधीच्या रक्तस्रावात दिली जाते. अशा गोळ्यांवरच्या अनेक प्रयोगांचा एकत्रित आढावा घेणाऱ्यांनीही सूज थोडीफार कमी होते असेच म्हटले आहे, चमत्कार होतो असे म्हटलेले नाही. यंत्रमागावर उभे राहणारे, हॉटेलच्या भट्टीपुढचे आचारी, वर्गात दिवसभर उभे असणारे शिक्षक यांच्या पोटऱ्यांचे दुखणे अनेकदा सांध्याचे नसून शिरांचे असते, आणि त्यांना या गोळीने बरे वाटल्याचे मी वारंवार ऐकले आहे. पण एकाच पायाला अचानक सूज आली, पोटरी गरम आणि कडक लागू लागली, तर गोळी मागू नये; शिरेत रक्ताची गुठळी झालेली असू शकते, तेव्हा थेट दवाखाना गाठावा.

दुसरी गोळी अशी की जी बऱ्याच वाचकांनी नाव न कळता घेतलेली असेल. दाढ काढल्यावर, हाड मोडल्यावर किंवा शस्त्रक्रियेनंतर सूज उतरण्यासाठी जी ट्रिप्सिन-ब्रोमेलेन-रुटोसाइडची गोळी लिहून दिली जाते, तिच्यातले रुटोसाइड, म्हणजेच वर आलेले रुटिन, हे क्वेर्सेटिनला साखर जोडलेले फ्लॅव्होनॉइडच आहे. नेहमीच्या प्रमाणात ट्रिप्सिन ४८, ब्रोमेलेन ९० आणि रुटोसाइड १०० मिलिग्रॅम असते. ही गोळी जेवणाआधी, न चावता घ्यायची असते, कारण तिच्यावरचे आवरण पोटातल्या आम्लातून विकरांना वाचवून आतड्यापर्यंत नेण्यासाठी असते. थोड्या दिवसांच्या सुजेसाठी, डॉक्टरांनी दिलेल्या मुदतीपुरती, मला ती योग्य वाटते. पण दाढेच्या वेळची उरलेली पट्टी गुडघ्यासाठी महिनोन्महिने चालू ठेवणारे लोक मला माहीत आहेत, आणि ते बरोबर नाही.

इथे आपल्या भागासाठी महत्त्वाची एक गोष्ट. ट्रिप्सिन प्राण्यांच्या स्वादुपिंडापासून मिळवतात. चिकोडी-निपाणी भागातली जैन कुटुंबे, लिंगायत घरे, माळकरी वारकरी, या सर्वांना ही माहिती गोळी घेण्याआधी मिळायला हवी. नंतर कळल्यावर होणारे दुःख मी पाहिले आहे. तसेच अनेक कॅप्सूलांचे कवच जिलेटिनचे, म्हणजे प्राणिज असते. पूरक आहाराच्या डबीवर शाकाहाराची हिरवी खूण आहे का ते पाहावे, आणि औषधाच्या पट्टीबाबत दुकानदाराला सरळ विचारावे. विचारण्यात संकोच करण्यासारखे काही नाही.

सर्वांत कमी विश्वास मला वाटतो तो 'सर्व काही एकत्र' असलेल्या कॅप्सूलवर. एका डबीवर क्वेर्सेटिन, हळदीचा अर्क, शल्लकी, ग्रीन टी, द्राक्षबिया, काळी मिरी आणि आणखी दहा नावे, आणि सगळ्यांची मिळून मात्रा ६०० मिलिग्रॅम. प्रत्येक घटक किती हे वेगळे लिहिलेले नसेल तर त्या डबीचे परीक्षणच करता येत नाही. शिवाय हळदीतले कर्क्युमिन आणि शल्लकीतली आम्ले ही फ्लॅव्होनॉइड नव्हेतच, त्यांचे कूळ निराळे, त्यांवरचा पुरावा निराळा. तो पुरावा उसना घेऊन सगळी डबी विकली जाते. मिरीतल्या पायपरीनचे काम मात्र नीट समजून घ्यायला हवे. बेंगळुरूच्या सेंट जॉन्स वैद्यकीय महाविद्यालयातल्या संशोधकांनी १९९८ साली दाखवले की दोन ग्रॅम कर्क्युमिनसोबत २० मिलिग्रॅम पायपरीन दिले तर माणसाच्या शरीराला मिळणारे कर्क्युमिन सुमारे २००० टक्क्यांनी वाढते. हे शक्य होते, कारण बाहेरून आलेले पदार्थ निकामी करून बाहेर टाकण्याच्या यकृताच्या कामात पायपरीन अडथळा आणते. तोच अडथळा फिटच्या फेनिटॉइनला, ब्लडप्रेशरच्या प्रोप्रॅनोलॉलला आणि दम्याच्या थिओफिलिनला लागू होतो आणि त्या औषधांचे रक्तातले प्रमाण वाढू शकते. फोडणीतल्या चार मिऱ्यांनी असे काही होत नाही. कॅप्सूलमधल्या शुद्ध अर्काची गोष्ट वेगळी.

झाडपाल्याचे आहे म्हणजे निर्धोक, हा समज मी रोज ऐकते, आणि त्यावर उत्तर म्हणून लिम्ब्रेलची हकीकत सांगते. अमेरिकेत गुडघ्यांच्या झिजेसाठी याच नावाचे फ्लॅव्होनॉइडचे एक उत्पादन विकले जात होते. त्यात दोन वनस्पतींचे अर्क होते, एक चिनी औषधीतली स्कुटेलारिया आणि दुसरा आपला खैर, ज्याच्या गाभ्यापासून विड्यातला कात बनतो. २०१२ साली ते घेणाऱ्या चार रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याचे वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. औषध थांबवल्यावर चौघेही सावरले. पुढे फुप्फुसाच्या एका प्रकारच्या दाहाच्याही तक्रारी आल्या, २०१७ च्या नोव्हेंबरमध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने ते घेऊ नका असा इशारा दिला आणि २०१८ च्या जानेवारीत ते बाजारातून परत मागवले गेले. यात खैराला दोष द्यायचा नाही, आणि विड्याला लावलेल्या कातावर हा निकाल लावायचाही नाही. रोजच्या वापरातल्या झाडाचा दाट अर्क रोज पोटात गेला की त्याचे गुणधर्म बदललेले दिसू शकतात, एवढेच त्यातून घ्यायचे. ग्रीन टीचेही तसेच आहे: पेयाने अपाय नाही, पण पूरक गोळीतून त्यातले ईजीसीजी हे कॅटेचिन रोज ८०० मिलिग्रॅम किंवा जास्त गेल्यास रक्तातली यकृताची विकरे वाढू शकतात, म्हणजे यकृताला इजा होत असल्याची खूण दिसू शकते, असे युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०१८ साली नमूद केले आहे. वजन उतरवण्यासाठी आणि गुडघ्यासाठी अशा दोन वेगळ्या डब्यांतून तोच अर्क दुप्पट घेणारे ग्राहक असतात. औषधी वनस्पतींची शास्त्रीय पारख करणारी भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची (आयसीएमआर) राष्ट्रीय पारंपरिक औषध संस्था आपल्या बेळगावातच आहे. वनस्पतीलाही पारख लागते, ही गोष्ट या गावाला तरी नवी वाटू नये.

अँटिऑक्सिडंट या शब्दाविषयी थोडक्यात. एखादा पदार्थ परीक्षानळीत किती मुक्त कण (फ्री रॅडिकल, म्हणजे पेशींना इजा करू शकणारे अस्थिर रेणू) शोषतो याच्या 'ओरॅक' नावाच्या आकड्यांची सारणी अमेरिकेच्या कृषी खात्याने बनवली होती, आणि ते आकडे शरीरात काय होते हे सांगत नाहीत, उलट जाहिरातींत त्यांचा गैरवापर होतो, म्हणून २०१२ साली त्याच खात्याने ती काढून टाकली. आपल्या रक्तातले क जीवनसत्त्व आणि युरिक ॲसिड यांचे प्रमाण फ्लॅव्होनॉइडपेक्षा कितीतरी जास्त असते, त्यामुळे फ्लॅव्होनॉइड थेट मुक्त कण टिपत फिरतात हे चित्र टिकत नाही. डबीवर आजही ओरॅकचा आकडा छापलेला दिसला तर ती डबी परत फळीवर ठेवावी.

वेष्टन वाचण्याची सवय मात्र लावून घ्यायला हवी, आणि ती लावणे आपल्याकडे अवघड का जाते हे मला रोज दिसते. ग्राहक मराठी किंवा कानडी वाचणारा, आणि इशारा इंग्रजीत, तोही मुंगीएवढ्या अक्षरांत. पूरक आहाराच्या डबीवर 'नॉट फॉर मेडिसिनल यूज', म्हणजे औषध म्हणून वापरण्यासाठी नाही, असे लिहिणे बंधनकारक आहे; ज्या डबीच्या पुढच्या बाजूला हसत चालणारी आजी आहे तिच्याच मागच्या बाजूला हे वाक्य असते. त्याखेरीज अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा चौदा अंकी परवाना क्रमांक, बॅच, मुदत आणि रोजची कमाल मात्रा पाहावी. 'अर्क ५०० मिलिग्रॅम' आणि 'क्वेर्सेटिन ५०० मिलिग्रॅम' यांत मोठा फरक आहे: अर्कात दहा टक्केच फ्लॅव्होनॉइड असतील तर हाती ५० मिलिग्रॅम येतात. हे आकडे वाचून दाखवायला मी कोणत्याही ग्राहकाला कधी नाही म्हणत नाही, डबी दुसऱ्या दुकानातून किंवा ऑनलाइन घेतलेली असली तरी.

काही माणसांनी तर या कॅप्सूल डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊच नयेत. रक्त पातळ होण्याची गोळी चालू असणारे, अँजिओप्लास्टी झालेले, शस्त्रक्रियेची तारीख ठरलेले, फिटची किंवा प्रत्यारोपणानंतरची औषधे घेणारे, यकृत किंवा किडनीचा आजार असणारे, गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या स्त्रिया. आमवाताच्या रुग्णाने मेथोट्रेक्झेटसारखी गोळी बंद करून झाडपाल्यावर यावे असे कोणी सुचवले तर ते ऐकू नये. आमवातात वाया गेलेले महिने बोटांच्या वाकड्या सांध्यांत कायमचे दिसतात. आणि आठवडी बाजारात कागदी पुडीतून मिळणारे, नाव नसलेले वाताचे चूर्ण हा सर्वांत मोठा धोका. कोणतेही फ्लॅव्होनॉइड एका रात्रीत गुडघा मोकळा करू शकत नाही. पुडीने तसे केले तर तिच्यात स्टेरॉइड किंवा पेनकिलर मिसळलेली असण्याची शंका घ्यावी. चेहरा सुजणे आणि साखर अचानक वाढणे ही त्याची लक्षणे पुढे दिसतात. असे चूर्ण बरेच दिवस घेतलेले असेल तर ते एकदम न सोडता पुडीसह डॉक्टरांकडे जावे, कारण स्टेरॉइड झटक्यात बंद करणेही घातक ठरते.

फ्लॅव्होनॉइड पोटात जावेतच असे ज्यांना वाटते त्यांना मी बाजारात पाठवते. लाल कांद्याच्या बाहेरच्या पाकळ्यांत क्वेर्सेटिन जास्त असते, म्हणून सुकी साल तेवढी काढावी, रसरशीत पहिली पाकळी फेकू नये. उकळलेल्या कांद्यातला बराच अंश पाण्यात उतरतो, तेव्हा ते पाणी आमटीत घालावे. शेवग्याचा पाला, नाचणीची भाकरी, आमसुलाचे सार, आणि हंगामात खानापूरच्या रस्त्यावर बायका पानाच्या द्रोणातून विकतात ती करवंदे आणि जांभळे, ही सगळी या कुळाची आपल्या हाताशी असलेली रूपे आहेत. यांनी गुडघा बरा होईल असे मी म्हणणार नाही, पण यांतून मिळणारी मात्रा शरीराच्या ओळखीची आहे आणि सोबत तंतू व क्षारही मिळतात. चहाही त्यातलाच, फक्त जेवणाला लागून घेऊ नये, कारण त्यातली ही द्रव्ये धान्य-भाजीतले लोह शोषू देत नाहीत आणि आपल्या भागातल्या बायकांना रक्त कमी असण्याची तक्रार आधीच फार आहे.

एवढे तपासल्यावर माझ्या दुकानापुरता निर्णय असा झाला आहे. मायक्रोनाइज्ड डायोस्मिन-हेस्पेरिडिन आणि रुटोसाइडची विकरांसोबतची गोळी मी नेहमी ठेवते आणि चिठ्ठी पाहून देते. एकट्या क्वेर्सेटिनची, मात्रा स्पष्ट लिहिलेली, शाकाहारी कवचाची एक डबी ठेवते. ती मागणाऱ्याला चालू औषधांची यादी विचारते आणि दोन महिन्यांत फरक नसेल तर बंद करा असे सांगून देते. ग्रीन टी अर्काच्या जास्त मात्रेच्या कॅप्सूल आणि घटकांची वेगवेगळी मात्रा न छापणाऱ्या सांधेदुखीच्या मिश्र डब्या मागवणे मी बंद केले आहे. त्यांच्या जागी आता गुडघ्याचे पट्टे, वरून लावायची मलमे आणि व्यायामासाठीची रबरी पट्टी ठेवली आहे, आणि मांडीचा व्यायाम कसा करायचा याचे मराठी व कानडीत छापलेले पान मागेल त्याला मी फुकट देते.